मानेपर्यंत खडे

“वरचं वाचेल का, बाबा? तेवढंच सांगा.”

मुकुंद कुलथ्यांनी कुंडी दोन्ही हातांनी पुढे धरली होती. पाळकबाबांनी ती घ्यायला हात पुढे केला नाही.

कुंडीत कुलथ्यांचं ते नावाजलेलं निवडुंग होतं. लालभडक, गोल, मुठीएवढं. उन्हाळ्यात ते फुलांनी भरून गेलं होतं, पुण्याच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि पेपरात फोटोही आला होता. फोटोत निवडुंगापेक्षा कुलथेच जास्त दिसत होते, हा भाग वेगळा.

आता ते लाल डोकं एका बाजूला कललं होतं.

“खाली ठेव,” पाळकबाबा म्हणाले.

कुलथ्यांनी कुंडी बाकावर ठेवली. रुमालाने कपाळ पुसलं.

“वाचेल ना?”

“बघू दे.”

शांतवन भिंगारदिवे हे नगरच्या एका चर्चचे निवृत्त पाळक. निवृत्त झाल्यावर त्यांनी जामखेड रस्त्याकडच्या आपल्या घरामागे एक काचघर उभं केलं. मोडीत निघालेल्या खिडक्यांची तावदानं गोळा करून, एकेक जोडून. दोन तावदानं सारखी नाहीत. आत लाकडी फळ्यांवर निवडुंगच निवडुंग.

रविवारची उपासना आटोपली की दुपारी आम्ही चारपाच जण तिथं जमायचो. मी शाळेत भूगोल शिकवते. वाळवंटं मी फळ्यावर काढत आले, त्यांतलं काही हाताने वाढवावं एवढाच माझा हेतू. कुलथ्यांचा हेतू मोठा होता. त्यांचं सराफीचं दुकान, नाजूक कामाची सवय, आणि जे करायचं त्यात पहिलं यायचं हा स्वभाव. ते पाळकबाबांना चारचौघांत ‘माझे गुरू’ म्हणत.

बाबांना ते आवडत नसे. “मी कुणाचा गुरू नाही,” ते म्हणत. “बोटातला काटा काढायचा चिमटा तेवढा माझ्याकडे आहे.”

कुलथे शिकले मात्र झपाट्याने. त्याबद्दल त्यांना नावं ठेवायला जागा नाही.

दिवाळी झाली की काचघरात पाणी बंद होतं. थंडीभर एक थेंब नाही. निवडुंग सुरकुततात, आत ओढले जातात, मातीत रुतल्यासारखे दिसतात. नव्या माणसाच्या जिवाची घालमेल होते आणि तो गुपचूप पाणी घालतो. मी घातलं होतं. कुलथ्यांनी घातलं नाही.

“मरणार नाही ना?” एवढं मात्र त्यांनी विचारलं होतं.

“तहानेनं सहसा मरत नाही.”

“मग कशानं मरतं?”

“पाण्यानं,” बाबा म्हणाले होते. “आपल्याला न दिसलेल्या पाण्यानं.”

माघात थंडी ओसरली, बाबांनी ताटलीतून खालून पहिलं पाणी दिलं. कुलथ्यांनीही घरी तसंच दिलं. शिमग्याच्या सुमारास काट्यांच्या बुडाशी कळ्या दिसू लागल्या. कळी धरली की कुंडी फिरवायची नसते, उजेडाची बाजू बदलली की कळ्या गळतात. कुलथ्यांनी तिच्याखालची धूळसुद्धा झटकली नाही. वैशाखात हिरवी जाळी बांधली, पाऊस लागताच घरात घेतलं. सगळं जिथल्या तिथं.

विचारायचे ते फक्त फुलाचं. रंग गडद कसा होईल, फूल जास्त दिवस कसं टिकेल, एका वेळी जास्त कळ्या कशा उघडतील. बाबा उत्तरं देत.

खुंटाचं त्यांनी कधी काही विचारलं नाही.

खुंटाचं इथं सांगायला हवं. ते लाल निवडुंग एकटं जगू शकत नाही. त्याच्यात हिरवं असं काही नसतंच, त्यामुळे उन्हातून स्वतःपुरतं अन्न करणं त्याला जमत नाही. त्याला दुसऱ्याच्या खांद्यावर बसवावं लागतं. तो दुसरा म्हणजे खुंट. बहुतेक वेळा ड्रॅगनफ्रूटची तीन धारांची हिरवी फांदी. तिला मुळं फुटली की तिचं डोकं कापायचं, त्या ओल्या जखमेवर हे लाल डोकं बसवायचं आणि धाग्याने घट्ट बांधायचं. मग खुंट कमावतो आणि वरचं फुलतं. मधूनच खुंटाला स्वतःचा एखादा कोंब फुटतो. तो दिसला की नखाने खुडून टाकायचा. नाहीतर वरच्याला कमी पडतं.

काचघरामागे शेवग्याचं एक झाड आहे. त्यावर बाबांनी ड्रॅगनफ्रूटचीच एक फांदी मोकळी सोडली होती. ती पार शेंड्यापर्यंत गेली. आषाढात तिला ताटाएवढं पांढरं फूल आलं. सकाळी मिटायच्या आत पाहायला बाबांनी आम्हाला मुद्दाम बोलावलं होतं.

“ह्याला फूल येतं?” कुलथे म्हणाले होते. “आणि एवढं मोठं?”

“कापलं नाही तर येतं.”

त्या सकाळी कुलथे खुशीत होते. येताना पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. त्यांच्या मुलीला, वेदिकाला, पुण्याला पशुवैद्यक शाखेत प्रवेश मिळाला होता. “आमच्या घराण्यात पहिली डॉक्टर! मग ती गाईम्हशींची का असेना,” असं म्हणत त्यांनी प्रत्येकाच्या हातावर दोनदोन पेढे ठेवले होते. स्वतःचं बक्षीस सांगताना डोळ्यांत आली नव्हती ती चमक त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत होती. माणूस वाईट नव्हता. मला आजही तसं वाटत नाही.

त्यानंतर श्रावणात ते आलेच नाहीत. आम्ही आपसांत म्हणालो, बक्षिसाची हवा डोक्यात गेली.

आणि आज, गौरीगणपती झाल्यावर, ही कललेली कुंडी.

पाळकबाबांनी चष्मा लावला.

कुंडीत पांढरेशुभ्र खडे भरले होते. अगदी वरपर्यंत, लाल डोक्याच्या मानेला टेकतील असे. प्रदर्शनाची ही रीतच आहे. कलमी निवडुंग मांडताना खुंट दिसू द्यायचा नाही. खडे रचून झाकून टाकायचा, म्हणजे लाल डोकं जसं काही त्या पांढऱ्या खड्यांतूनच जन्मलंय. परीक्षक वरचं बघतात. घरी आलं की खडे काढायचे असतात.

“हे अजून आहेत?” बाबांनी विचारलं.

“छान दिसत होतं, बाबा. दिवाणखान्यात ठेवलं होतं. येणारेजाणारे बघायचे.”

“पाणी?”

“वरूनच. खड्यांवर. बेताचंच.”

बाबांनी एक खडा उचलला. बाजूला ठेवला. मग दुसरा. घाई नाही की वैताग नाही.

खालचे खडे ओले होते. त्याच्याही खालचे शेवाळलेले.

मग वास आला. मी मागे सरकले.

खुंट काळा पडला होता. पिकून गळलेल्या केळ्यासारखा मऊ. बाबांनी बोट टेकवलं तशी साल सुटली आणि आतून पाणी आलं. मानेपाशी, जिथं खडे संपत होते, तिथं बोटभर पट्टी तेवढी हिरवी होती.

“एवढंच दिसत होतं तुला,” बाबा म्हणाले.

“मला काय माहीत, बाबा? वरचं तर टवटवीत होतं!”

“असणारच.”

“म्हणजे?”

“खुंट सडत असला तरी वरच्याला देतच असतो. शेवटपर्यंत.”

कुलथ्यांनी मान हलवली. त्यांना घाई झाली होती.

“कधीपासून सडत असेल?”

“पावसाच्या सुरुवातीपासून. एकदाही खडे हलवून पाहिले नाहीस?”

“घरात गडबड होती.”

“कसली?”

कुलथे कुंडीकडे बघत राहिले…

“ताई गेली.”

काचघरात आम्ही तिघंच होतो. बाकीचे अजून यायचे होते.

शकूताई मी एकदाच पाहिली होती. त्यांच्या घरी आम्ही निवडुंग बघायला गेलो होतो तेव्हा. दिवाणखान्याच्या दारापर्यंत ती पोह्यांच्या ताटल्या घेऊन आली, कुलथ्यांच्या हातात दिल्या आणि आत वळली. मी विचारलं तेव्हा कुलथे म्हणाले, “आमची थोरली बहीण. घरीच असते.” आतल्या खोलीतून म्हाताऱ्याची हाक आली. हाक पुरी व्हायच्या आत ती तिथं पोचली होती.

“काय झालं होतं तिला?” बाबांनी विचारलं.

“पोटात गाठ. कुणाला बोललीच नाही. आडवी पडली तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला.”

“कुणी?”

“काय कुणी?”

“उशीर कुणी केला?”

कुलथ्यांनी बाबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी कोपऱ्यातल्या बादलीकडे बघत राहिले.

“ती बोलली असती तर आम्ही काय हयगय केली असती का, बाबा? घर भरलेलं. कशाला काही कमी नव्हतं. ती हसतखेळत सगळं करत होती. आदल्या आठवड्यात दळण आणलं होतं तिनं. अण्णांना उचलून बसवत होती…”

रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं.

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. बरीच वर्षं झाली, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले.

“अण्णांचं आता कोण बघतं?”

“सध्या वेदिका बघते.”

“तिचं कॉलेज?”

“परवा सुरू होतंय. उद्या फोन करून कळवायचंय, जागा सोडतो म्हणून.”

बाबांनी हातातला खडा खाली ठेवला.

“सोडायची?”

“पर्याय काय, बाबा? ही दुकानात. सणासुदीचे दिवस आलेत, ही नसली तर माझं पान हलत नाही. आणि कायमचं थोडंच आहे? वर्षभर थांबेल. एकच वर्ष. पुढच्या वर्षी परत परीक्षा देईल. पोरगी हुशार आहे.”

“बाई ठेव.”

“परकं माणूस चालत नाही.”

“अण्णांना?”

“…घराला.”

बाहेर ऊन पडलं होतं. वेगवेगळ्या तावदानांतून ते वेगवेगळं आत येत होतं. मला एकाएकी तिथं बसवेना. पण उठवेनाही.

“शकू किती वर्षांसाठी थांबली होती?” बाबांनी विचारलं.

कुलथे कुंडीच्या काठावरची माती बोटाने पुसू लागले.

“मुकुंदा.”

“आई गेली तेव्हा… तिचा डी.एड.ला नंबर लागला होता. मी लहान होतो. अण्णा म्हणाले, एक वर्ष थांब.” ते थांबले. “पण तो काळ वेगळा होता, बाबा. तेव्हाच्या बायकांचं वेगळं होतं.”

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला.

“मी जबरदस्ती केलेली नाही,” कुलथे घाईघाईने म्हणाले. “विचारा तिला. ती स्वतःहून म्हणाली, मी थांबते.”

“केव्हा म्हणाली?”

“ताईच्या दहाव्याला. सगळे बसले होते तेव्हा.”

“कुणी विचारलं होतं?”

“कुणीच नाही. अण्णा रडत होते, कोण करणार माझं, म्हणून. आणि…”

“आणि?”

“सगळे तिच्याकडे बघत होते.”

हे वाक्य त्यांच्या तोंडून गेलं आणि मला वाटलं, आता त्यांना दिसलं. आता हा माणूस कुंडी इथंच टाकून घरी पळत सुटेल. पण शब्द तोंडातून बाहेर पडले म्हणून माणसाच्या कानात शिरतातच असं नाही.

“ते जाऊ द्या, बाबा,” ते म्हणाले. “तो घरचा प्रश्न आहे. मी आलोय ते ह्याच्यासाठी. वाचेल का?”

“वाचेल.”

“खरं?”

“कसं, ते तुला माहीत आहे.”

कुलथ्यांचा चेहरा उजळला. “दुसऱ्या खुंटावर!”

“हं.”

“तुम्ही बांधून द्या ना. तुमच्या हाताचं कलम…”

“मी कापत नाही आता.”

हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. माई, म्हणजे बाबांच्या पत्नी, गेल्या. त्यांना पोचवून परत आल्यावर बाबांनी कलमाचं पातं कापडात गुंडाळलं आणि कपाटात ठेवून दिलं. का, ते मी कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

त्या दुपारी ते उठले, घरात गेले आणि ते कापडाचं गुंडाळं घेऊन आले. सोडलं. पातं काळवंडलं होतं, पण धार होती. त्यांनी ते स्पिरिटने पुसलं आणि मूठ कुलथ्यांकडे करून पुढे धरलं.

“तू काप. हात तुझा चांगला आहे.”

कुलथे संकोचले. खरं तर सुखावले. गुरूच्या हातचं हत्यार मिळालं की कुठला शिष्य सुखावत नाही?

“आधी वरचं बघ,” बाबा म्हणाले. “सड वर चढली असेल तर काही उपयोग नाही.”

कुलथ्यांनी खुंटाच्या मानेपासून लाल डोकं सोडवलं. उलटं धरून पहिली चकती कापली. मध्यभागी तपकिरी ठिपका होता.

“आणखी.”

दुसरी चकती. ठिपका लहान झाला होता, पण होता.

कुलथ्यांच्या वरच्या ओठावर घाम आला. त्यांनी श्वास रोखून तिसरी चकती कापली. पापुद्र्याएवढी पातळ. आत स्वच्छ, ओलसर गुलाबी गर.

“वाचलं!” ते मोठ्याने म्हणाले आणि हसले. बहीण गेल्याचं सांगितल्याला अर्धा तासही झाला नव्हता. मला त्यांचा राग आला, आणि त्यांची कीवही आली. इतक्या दिवसांत घरात काहीतरी वाचल्याची ही पहिलीच बातमी असेल, असंही मनात आलं.

“आता खुंट निवड,” बाबा म्हणाले.

काचघराच्या दारालगत, उघड्यावर, बाबांनी लावलेल्या ड्रॅगनफ्रूटच्या फांद्यांची ओळ होती. बाबा ही रोपं कलमासाठी करत नसत. येईल त्याला कुंपणावर सोडायला देत. पावसाने सगळी तरारली होती.

कुलथे ओळीसमोर उकिडवे बसले. सराफ नग पारखतो तसे एकेकाला पारखत गेले. एक बारीक म्हणून सोडला. एक वाकडा म्हणून. एकाला डाग होता.

“हा.”

त्यांनी निवडलेला सगळ्यांत सरळ होता. तिन्ही धारा भरलेल्या. शेंड्याला तांबूस रंगाचा नवा कोंब निघाला होता, दोन बोटं उंचीचा, अजून काटेही न धरलेला.

“हाच का?”

“जोमदार आहे. मुळं छान धरलीत. कुठलंही डोकं पेलेल. कुरकुर नाही करणार.”

“नीट बघितलंस?”

“बघितलं.”

“नीट?”

“बाबा, तुमच्याचकडे शिकलोय मी,” कुलथे हसून म्हणाले.

बाबांनी दाराच्या चौकटीला हात टेकवला. त्यांचं वय त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत भरलं.

“तो कोंब दिसतोय ना तुला?” त्यांनी विचारलं.

“दिसतोय की. म्हणूनच म्हणतो, रस भरपूर आहे.”

…

“काप मग.”

गोष्टींमध्ये माणसं अशा वेळी थांबतात. पातं हातात तसंच राहतं, डोळ्यांतून पाणी येतं आणि ऐकणाऱ्याला बरं वाटतं. मीही वाट बघत होते. उद्याचा तो फोन, परवाचं कॉलेज, पुण्याला निघालेल्या पोरीची बांधलेली आणि परत सोडलेली बॅग, हे सगळं त्या एका हातावर येऊन थांबलंय असं मला वाटत होतं. मी मनात म्हणत होते, थांब. थांब रे बाबा.

कुलथे थांबले नाहीत.

हात जरासुद्धा थरथरला नाही. एका घावात शेंडा उडाला आणि ओल्या मातीवर पडला. इतकं सफाईदार कापलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. मग त्यांनी तिन्ही धारांचे कोपरे छाटले, म्हणजे जखम सुकताना आत ओढली जाऊन वरचं डोकं सुटत नाही. आतलं पांढरं वर्तुळ लाल डोक्याच्या वर्तुळावर बरोबर जुळवलं. दाबलं. धाग्याचे वेढे दिले, आडवे, उभे, ना सैल ना करकचून. कामात ते सगळं विसरले होते. ओठांच्या कोपऱ्यातून जिभेचं टोक बाहेर आलं होतं, लहान मुलाचं येतं तसं.

बाबा शेजारी उभे राहून बघत होते. एकदाही ‘असं नको, तसं कर’ म्हणाले नाहीत. सांगण्यासारखं काही नव्हतंच.

“झालं!” कुलथे उठले. गुडघ्यांची माती झटकली. “हवा ओली आहे, पण धरेल. काय, बाबा?”

“धरेल.”

“पुढच्या उन्हाळ्यात परत फुलेल?”

“फुलेल.”

“पूर्वीसारखं?”

“त्याला काय फरक पडतो? त्याला खाली कोण आहे ते कळत नाही.”

कुलथ्यांनी हे प्रशस्तीसारखं घेतलं. त्यांनी पातं पुसलं, कापडात गुंडाळलं, दोन्ही हातांनी बाबांना परत दिलं. वाकून पायांना हात लावला. बाबांना ते कधीच आवडत नसे, एरवी ते पाय मागे घेत. आज घेतले नाहीत. नुसते उभे राहिले.

“उपकार झाले, बाबा. घरात एवढं सगळं होऊन गेलं… हे तरी राहिलं.”

त्यांनी नवी कुंडी उचलली. जुनी, सडक्या खुंटाची, बाकावर तशीच होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. शेजारी पांढऱ्या खड्यांचा ढीग होता, त्यातले स्वच्छ खडे मात्र त्यांनी बोटाने निवडून रुमालात बांधून घेतले. पुढच्या वेळेला उपयोगी पडतील, म्हणाले.

मला काहीतरी बोलायचं होतं. वेदिका मला माहीत होती, आमच्याच शाळेतली. नकाशात नद्या भरताना ती कधी चुकली नाही. माझ्या तोंडाशी शब्द आले, तेवढ्यात बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको, अशी.

मी गप्प राहिले. बरं केलं की वाईट, अजून ठरवता आलेलं नाही.

कुलथे दारापर्यंत गेले. तिथं त्यांच्या पायाखाली काहीतरी आलं. त्यांनी खाली पाहिलं.

कापलेला शेंडा होता. पाऊल बोटभर चुकलं म्हणून वाचला, नाहीतर चिरडला असता. खालची जखम अजून ओली होती. तांबूस कोंब तसाच ताठ, त्याला अजून काही कळलेलं नसल्यासारखा.

कुंडी काखेत धरून कुलथ्यांनी तो दोन बोटांनी उचलला. टोपली शोधली. टोपली दिसली नाही. कुंपणाकडे पाहिलं. तिकडेही फेकवेना. थोडा वेळ ते तो हातात घेऊन तसेच उभे राहिले.

“बाबा… हे कुठं टाकू?”

पाळकबाबा कपाटाकडे निघाले होते. ते थांबले, पण वळले नाहीत.

“घरी ने,” ते म्हणाले. “वेदिकाला विचार, कुठं टाकायचं ते.”